वरची ओळ माणसाची, खालची किड्याची

पोरीच्या बोटाले सुई टोचली एका दिवशी, अन नणंदेच्या लॅपटॉपवर त्या ओळी मले दिसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. या दोन गोष्टी एकामागं एक झाल्या म्हणून माह्या डोक्यात त्या एकच होऊन बसल्या. कोणी सांगतलं नाही, मीच जोडल्या. पण आता पहिल्यापासून सांगतो, नाही तर माह्या बोलण्याचं मुंडकं कोणतं अन शेपूट कोणतं ते कोणाले कळत नाही. सासू म्हणते, "तू बोलताना श्वास तरी घेत जा व."

सासूचा पायच पहिले सांगाले पाहिजे. तिचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली जाड आहे, कातडं झाडाच्या सालीसारखं, टाचेजवळ घड्या पडलेल्या. हत्तीपाय. माह्या घरचे लग्नाच्या आधी इकडे घर पाहाले आले होते, आंधळगावच्या अलीकडे आमचं गाव आहे, तर तेव्हा सासू खाटेवर बसून होती अन पायावर चादर टाकलेली होती. चहा झाला, पोहे झाले, बाई काही उठली नाही. आमचा बाप म्हणे, अंगात कणकण असन बिचारीच्या. लग्न होऊन मी आली अन दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीजवळ ती चादर नव्हती. तेव्हापासून मी मनात गाठ बांधून ठेवली की या घरात जे झाकलेलं असते ते मागून दिसते.

बाकी सासू वाईट नाही. उलट माही पोरगी तिच्याच अंगावर वाढली. पोरीले आजीचा तो पाय लय आवडे. आजी खाटेवर बसली की ही तिच्या जाड्या पायावर चढून बसे अन घोडा घोडा करे. "माह्या आजीचा पाय गादीचा आहे," असं अंगणवाडीत सांगून आली होती. सासू हासे, मले मात्र कससंच होई.

घरात आम्ही तिघी अन पोरगी. पोरीचा बाप नागपूरले सेंट्रिंगच्या कामावर, सणावाराले येते. नणंद भंडाऱ्याले कॉलेजात आहे, सायन्सचं मोठं शिक्षण करून राहिली, सकाळच्या एसटीनं जाते अन संध्याकाळच्या एसटीनं येते. माही शाळा नववीत सुटली. तिचा डब्बा मी बांधतो, ती मले वैनी म्हणते, मी तिले ताई म्हणतो, तशी ती माह्याहून लहानच आहे.

तर धानाच्या लावणीचा रोवणा आटपला होता, निंदण सुरू झालं होतं, अन पोरीले ताप आला. आशाताई आमच्याच गावची, सरकारी दवाखान्याचं घरोघरचं काम पाहते, ती घरी आली, पोरीचं बोट धरलं, टोचलं, रक्त काचेच्या तुकड्यावर घेतलं, पसरवलं, काच कागदात गुंडाळली अन पिशवीत टाकली. पोरगी बोंबलली. मी विचारलं, "ताई, कुठं नेता हे?"

"तपासाले. मलेरिया असन तर कळन ना."

"परत देसान का?"

"रक्त कोणी परत देते का व," ती म्हणे, अन दोघी हासल्या, ती अन सासू. मी नाही हासली.

दुसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. संध्याकाळी मी सपरीत, म्हणजे ओसरीवर, तरोट्याची भाजी निवडून राहिली होती अन नणंद बाजूले लॅपटॉप घेऊन बसली. सहज माही नजर गेली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, पण शब्द नाही. मले एबीसीडी येते, एक एक अक्षर ओळखू येते, शब्द जोडताना दम लागते. पण हे तर कोणालेच जोडता आलं नसतं. के, व्ही, एल, जी, एकाले एक चिकटून, मधात जागा नाही, लाल निळी हिरवी, अन एकाखाली एक अशा ओळीच ओळी. जशी रोवण्यात बायाची रांग असते. डाव्या बाजूले प्रत्येक ओळीचं नाव होतं. वरचं नाव मी जुळवलं. ह्युमन. ते शाळेच्या पुस्तकात होतं, माणसाच्या शरीराचं चित्र होतं त्याच्यावर. खालचं नाव लांब होतं, ते नाही जुळलं. अन ओळींच्या खाली बारीक बारीक तारे.

"ताई, हे वरचं कोणाचं?"

"माणसाचं, वैनी." तिनं पडद्यावरून नजर नाही काढली.

"अन खालचं?"

"आईच्या पायात तो किडा शिरला होता ना, त्याच्या जातभाईचं."

"अन हे तारे?"

"जिथं माणसाचं अन किड्याचं एकसारखं आहे, तिथं तारा येते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला, अन आमच्याकडे घरात आवाज नीट येत नाही म्हणून ती आंगणात गेली. मी तिथंच. भाजी हातात. तारे पाहून राहिली होती मी. लय होते. कुठं कुठं तर लागूनच लागून, मधात एखादी जागा रिकामी, मंग परत तारे.

माणसाचं म्हणजे कोणाचं? या घरातून काल एकाच माणसाचं रक्त गेलं होतं.

मी विचारू शकत होती. पण मले तेव्हा ती चादर आठवली. मनात म्हटलं, विचारलं तर ही लॅपटॉप बंद करन अन मंग कधीच माह्यासमोर उघडणार नाही. म्हणून गप राहिली. गप राहिली अन पाहत राहिली. नणंद फोनवर हासून बोलली की वाटे पोरीचंच सांगून राहिली. आशाताई रस्त्यानं जाताना "पोरगी बरी आहे ना व?" विचारे, तर वाटे, हिले काय पडलं, हिले काहीतरी माहीत आहे. दोघी कधी वेशीजवळ बोलताना दिसल्या की मी वाट बदलून तिकडूनच जाई. पोरीले मलेरिया नाही निघाला असं आशाताईनं सांगतलं, तर मले उलट भेव वाटला. मलेरिया नाही तर मंग काय निघालं?

पोरीले मी आजीच्या खाटेवर जाऊ देणं बंद केलं. तिचं अंथरूण वेगळं, टॉवेल वेगळा. ती आजीच्या पायाकडे धावली की मी मागून उचलून आणे, ती हातपाय झाडे. सासू दोन-तीन वेळा पाहून राहिली, मंग एका दुपारी बोललीच.

"काहून व? मी काय वाघीण आहो का?"

"नाही आई, तुमचा पाय दुखन म्हणून."

"पाय माहा आहे. दुखन तर मी सांगन."

तिनं पायावर चादर ओढून घेतली. भर उकाड्यात. ते मले दिसलं, पण मी दुसरीकडे पाहिलं.

पोरीच्या बापाले फोन केला. म्हटलं, तुमची बहीण पोरीवर काहीतरी करून राहिली.

"काय करून राहिली?"

"ओळी."

"कायच्या ओळी?"

मले पुढचं सांगताच नाही आलं. तारे, किडा, ह्युमन, असं काहीतरी बडबडली. तो म्हणे, "ती अभ्यास करते व. तू टीव्ही कमी पाहत जा." आमच्या घरी टीव्ही बंद पडून वर्ष झालं होतं.

मंग गावात ऑटो फिरला, भोंगा लावून. हत्तीपायाच्या गोळ्या घ्या, घरोघरी येऊन राहिले, सगळ्यायनं समोरच गिळा. दोन वर्षांच्या वरच्या सगळ्या लेकरायले. मी बोडीच्या तळ्यावरून कपडे धुऊन येऊन राहिली होती. डोक्यावर टोपलं होतं, अन माह्या डोक्यात हिशेब एकदम लागला. जी गोळी किड्याले मारते, ती किड्यासारख्या पोरीले काय करन? वरच्या ओळीत तारे, खालच्या ओळीत तारे. विष खालचीले द्याचं म्हटलं तर वरची कशी वाचन? आपण धानावर औषध मारतो तर बांधीतल्या पाण्यातली मासोळीही उताणी होते, मी पाहिलं आहे डोळ्यानं. मी तिथंच ठरवलं. माह्या पोरीच्या पोटात ही गोळी जाणार नाही.

आशाताई दुसऱ्या दिवशी दुपारी आली, संग अजून एक बाई, बाटल्यायची पिशवी, रजिस्टर. सासूनं घेतली, पाण्यासंग गटकन. मी घेतली. माहं मले काही वाटलं नाही, माहं रक्त कोणी नेलं नव्हतं. मंग पोरीच्या गोळ्या माह्या तळहातावर ठेवल्या.

मी म्हटलं, "पोरगी जेवली नाही आज. उपाशी पोटी नाही द्याच्या म्हणता ना तुम्ही?"

"नाही द्याच्या. जेवू घाल मंग, आम्ही थांबतो."

"भात व्हाचा आहे. तुम्ही कितीक वेळ थांबसान? पुढच्या गल्लीत जा, मी देतो."

आशाताई माह्या तोंडाकडे पाहाले लागली. तिले हे सगळे बहाणे पाठ असन. तेवढ्यात सासू खाटेवरून म्हणे, "जा व तू. मी आहे ना बसलेली. माह्यासमोर देईन ती."

आशाताई सासूले मानते. तिनं पोरीचं डाव्या हाताचं बोट धरलं अन नखावर शाईची रेघ ओढली. गोळी खाल्ली त्याची खूण. मत देल्यावर लावते तशी. त्या दोघी गेल्या.

मी चुलीजवळ गेली, भिंतीकडे तोंड केलं अन गोळ्या पदराच्या टोकाले बांधल्या. पक्की गाठ मारली. वळून पाहिलं तर सासू माह्याकडेच पाहून राहिली होती. मले वाटलं आता ओरडन. तिनं मान फिरवली अन आंगणातल्या कोंबड्यायकडे पाहत बसली. त्याचाच मले जास्त भेव वाटला. ही काहून गप आहे? हिनं आशाताईले खोटं काहून सांगतलं? हिले काय पाहिजे?

दिवसभर ती शाई माह्यासमोर नाचत राहिली. पोरगी बोट सगळ्यायले दाखवे. "माहं मत झालं," म्हणे.

संध्याकाळी नणंद एसटीतून उतरून आली, चपला काढल्या नाही तर पोरगी तिच्या गळ्यात. नणंदेनं बोट पाहिलं, मुका घेतला. "खाल्ली का माह्या बाईनं गोळी? कडू होती का?"

पोरगी म्हणे, "मी नाही खाल्ली. आईनं पदराले बांधली."

चार वर्षांचं लेकरू. त्याले कुठं झाकाले येते.

नणंदेनं माह्याकडे पाहिलं, मंग पदराकडे. "वैनी?"

अन मंग माह्या तोंडातून सगळं एकाच दमात बाहेर पडलं. की तुम्ही माह्या पोरीचं रक्त नेलं, तुम्ही अन आशाताई मिळून, त्या लॅपटॉपच्या डब्यात टाकलं, अन ती वरची ओळ माह्या पोरीची आहे, मी पाहिली, मले येते वाचता, अन खाली किडा आहे, अन दोघायचं एकसारखं निघालं, अन तुम्ही मले सांगतलं नाही, अन आता किडा मारायची गोळी तिले देऊन राहिले, अन तिले काही झालं तर तुमचं काय जाते, तुम्ही तर पुस्तकात लिहून टाकसान.

नणंद पहिले हासली. तोंडावर हात ठेवून, पण हासली. मंग माहं तोंड पाहून तिचं हासू विझलं. तिनं चप्पल काढली, लॅपटॉप उघडला, सपरीत खाली बसली अन बाजूची जागा हातानं झाडली. "बसा."

मी उभीच राहिली.

"ते रक्त दवाखान्यात गेलं, मलेरियासाठी. माह्याजवळ रक्त ठेवाले साधी बाटली पण नाही. ही वरची ओळ कोण्या एका माणसाची नाही. लोकायनं कधीचीच काढून ठेवली आहे, जगात कोणालेही फुकट पाहता येते. तुमची, माही, आईची, पोरीची, सगळ्यायची जवळपास अशीच असते."

"मंग सगळेच किड्यासारखे का?"

"या एका गोष्टीत, हो." तिनं एक बोट पडद्यावर ठेवलं. "याले कायनेज म्हणते. प्रोटीन आहे. आपल्या अंगात बारीक बारीक घरं आहे, तिथं ही एक बाई समजा, हातात टिकल्यायचं पाकीट घेऊन फिरते. ज्याले टिकली लावली तो उठून कामाले लागते. कोणाले टिकली लावली की तो कामच सोडून बसते. अशा लय बाया आहे. किड्यातही आहे, मलेरियाच्या जंतूतही आहे, उंदरात आहे. हे पाहा, हे पाव फुगवाचं यीस्ट आहे, त्याच्यातही आहे."

तिनं अजून ओळी उघडल्या. उंदीर माणसाच्या लय जवळ होता. पावातलं ते दूर होतं, पण तारे त्यालेही होते.

"पावासंगही आपली सोयरीक आहे का?" सासू खाटेवरून म्हणे.

"आहे आई. लय जुनी."

"म्हणूनच चहासंग गोड लागते."

मले हासू नाही आलं. मी म्हटलं, "तुम्ही हे पाहून काय करता?"

"तुम्ही निंदताना काय करता वैनी? धान अन ते गवत दोन्ही हिरवे, दोन्ही सारखेच उंच. मले तर आताही ओळखू येत नाही, आई मले बांधीतून हाकलते."

"पानाच्या जोडाजवळ पाहाचं. धानाले तिथं बारीक कान असते. गवताचा जोड साफ असते."

"तेच. मी तोच जोड पाहतो. सगळं एकसारखं आहे, पण एखाद्या ठिकाणी किड्याच्या बाईचा हात वेगळा आहे का, आपल्या बाईचा वेगळा आहे का. तशी जागा सापडली तर कोणीतरी पुढं असं औषध करन की ते किड्याचाच हात धरन, आपला नाही."

मी पडद्याकडे पाहिलं. ताऱ्यायच्या मधात रिकाम्या जागा होत्या त्या आता मले दिसल्या. इतके दिवस मी तारेच पाहून राहिली होती. पण मन काही मानत नव्हतं. मी म्हटलं, "निंदताना विळा कधी धानालेही लागते."

नणंदेनं बोट पडद्यावरून काढलं. "लागते," म्हणे. "म्हणूनच तर पाहतो."

"मंग या गोळीचा विळा पोरीले लागणार नाही हे त्या ओळीत कुठं लिहिलं आहे, दाखवा."

"नाही लिहिलं."

"नाही?"

"ही गोळी जुनी आहे वैनी. ती या ओळींवर चालतच नाही, तिचं काम वेगळं आहे. लय वर्षांपासून लय लेकरायले देऊन राहिले म्हणून तिचं माहीत आहे. अन माह्या या कामातून गोळी निघन की नाही, मले माहीत नाही. कदाचित कधीच नाही."

"मंग ही गोळी खाऊन काहीच होत नाही, असं तरी लिहून द्या."

"थोडा ताप येऊ शकते. मळमळ होऊ शकते. अंगात हत्तीपायाचे जंतू असन तर ते मरते, तेव्हा अंग तापते."

"म्हणजे ताप आला तर पोरीत किडे होते, नाही आला तर नव्हते?"

"तसं पक्कं नाही सांगता येत."

"तुम्हाले पक्कं काय सांगता येते व?" माहा आवाज चढला. "इतकं शिकल्या, रोज एसटीचा धूर खाल्ला, अन पक्कं काहीच नाही?"

तिनं लॅपटॉपचं झाकण अर्धं लावलं. तिचे डोळे भरून आले होते. मले वाटलं होतं ती शिकलेली आहे, तिले काय लागते बोलणं.

तेव्हा सासू बोलली. तिनं पायावरची चादर बाजूले केली अन पाय खाली सोडला.

"मीही बांधत होती पदराले."

आम्ही दोघी तिच्याकडे पाहाले लागलो.

"गोळ्या तेव्हाही वाटत. ही लहान होती, शाळेत जात नव्हती. बाया म्हणत, गोळी खाल्ली की मंग मूल होत नाही, सरकारचा डाव आहे. मले अजून एक पोरगं पाहिजे होतं. तोंडात टाकल्यासारखं करत होती, मंग पदराले बांधत होती, अन मागून कोंबड्यायले टाकत होती. कोंबड्याही टोचून सोडून देत."

नणंद म्हणे, "आई, तू मले कधी सांगतलं नाही."

"काय सांगू? पोरगंही झालं नाही. अन हे झालं." तिनं पायावर हात मारला. जाड, ओला असल्यासारखा आवाज आला. मंग माह्याकडे पाहून म्हणे, "आज तू भिंतीकडे तोंड केलं ना, तेव्हा मले तुह्या हातात माहाच पदर दिसला. म्हटलं ओरडू. पण कोणत्या तोंडानं ओरडू? अन तू पोरीले माह्याजवळून उचलून नेत होती ना, तेही मले समजत होतं. मी चादर टाकून तुले फसवलंच होतं. तू कशी भरोसा ठेवशील."

मी खाली बसली.

नणंद हळूच म्हणे, "आईच्या पायाले शिवून काही होत नाही वैनी. तो किडा मच्छरातून येते. घोडा करून नाही येत."

मी पदराची गाठ सोडली. घामानं गोळ्या ओल्या झाल्या होत्या, एक तर चुरा झाली होती, हळदीचा डागही लागला होता. त्या काही देण्यासारख्या राहिल्या नव्हत्या. आता मी सोडून देऊ शकत होती. शाई तर लागलीच होती, गावात कोणी विचारलंच नसतं. ती शाई लेकराच्या बोटावर खोटी बसली होती, अन सासूच्या बोटालेही कधी काळी अशीच लागली असती तर तीही खोटीच असती. मी सासूच्या पायाकडे पाहिलं. या पायाले झाकत झाकत तिची उमर गेली.

मी नणंदेले म्हटलं, "एक शर्त आहे. उद्या तुम्ही भंडाऱ्याले नाही जाचं. दिवसभर माह्यासमोर बसाचं. पोरीले काही झालं तर तुम्ही इथं पाहिजे, लॅपटॉपमध्ये नाही."

"उद्या सर मले बोलवून राहिले," ती म्हणे. मंग माह्याकडे पाहिलं. "नाही जात. फोन करतो."

पोरीले भात कालवून दिला, वरण टाकून. जेवल्यावर तिले कडेवर घेतलं अन आशाताईच्या घरी गेली. नणंद संग. अजून उजेड होता, आशाताई आंगणात भांडे घासून राहिली होती. मी म्हटलं, "ताई, पोरीच्या गोळ्या द्या."

तिनं बोट पाहिलं. "शाई तर आहे. गोळी कुठं गेली?"

मी पदराचं चुरगळलेलं टोक दाखवलं. शेजारची बाई भिंतीवरून मान काढून पाहून राहिली होती.

आशाताईनं हात धुतले. "चूक माहीच आहे," म्हणे. "पहिले गिळाले लावाचं अन मंग रेघ ओढाची. मी तुह्या सासूच्या तोंडाकडे पाहून रेघ ओढली." पिशवीतून गोळ्या काढल्या. "दे. माह्यासमोर."

पोरीनं लहान गोळी पाण्यासंग गिळली. मोठी चावताना तोंड वाकडं केलं, अर्धी बाहेर काढली, नणंदेनं झेलली अन गुळाच्या खड्यासंग परत भरली. मी तिच्या गळ्याकडे पाहून राहिली होती, गोळी उतरली ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी नणंद खरंच गेली नाही. सपरीत बसून राहिली. मी घडीघडी पोरीच्या कपाळाले हात लावे. दुपारी मले वाटलं, तापलं. नणंदेनं हात लावला, म्हणे थोडंसं. सासूनं लावला, म्हणे काहीच नाही, तुहाच हात तापला आहे चुलीनं. मी नणंदेकडे संशयानं पाहिलं, तिनंही माह्याकडे पाहिलं. पोरगी आजीच्या पायावर चढून घोडा घोडा करून राहिली होती. मी नाही उचललं तिले. उचलाची लय इच्छा झाली, पण नाही उचललं.

शाई लवकर गेली नाही. नखासंग वर वर सरकत गेली.

मले अजूनही पक्कं काही वाटत नाही. नणंद लॅपटॉप उघडून बसली की मी जाता जाता पाहतो, वरची ओळ, खालची ओळ. आता पहिले रिकाम्या जागा पाहतो, मंग तारे. पोरीले आंघोळ घालताना तिचे दोन्ही पाय जोडून ठेवतो, घोट्याले घोटा, पोटरीले पोटरी, डावा उजव्यासारखा आहे का पाहतो. ती म्हणते, "आई, रोज काय पाहते व?" मी म्हणतो, काही नाही, अन पाणी टाकतो.